निवृत्तीनंतरची वर्षे : पैशांचा हिशेब आणि मनाची तयारी



महाराष्ट्र शासनाच्या सेवेतील बहुसंख्य कर्मचारी वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होतात, चतुर्थ श्रेणीतील ६० व्या वर्षी. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांचे आयुष्य सहज उरते. मुलीचे लग्न ठरले की आपण सहा महिने आधी हिशेब मांडतो, घराचा पाया घालण्यापूर्वी गवंड्याशी चार वेळा बोलतो; हा पंचवीस वर्षांचा काळ मात्र 'पाहू पुढचे पुढे' एवढ्या तीन शब्दांवर सोडून देतो. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील आपल्या कुटुंबांसमोर हा प्रश्न आज अधिक तीव्रतेने उभा आहे, कारण एकाच घरात वडिलांना जुने निवृत्तिवेतन, मुलाला नवे आणि सुनेला कोणतेच नाही, असे चित्र सर्रास दिसते.

सर्वप्रथम प्रत्येकाने आपण कोणत्या योजनेत आहोत हे नेमके जाणून घेतले पाहिजे. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी शासकीय सेवेत, जिल्हा परिषदेत अथवा पूर्ण अनुदानित शाळेत नियमित नेमणूक झालेल्यांना जुनी योजना लागू आहे. त्यांचे निवृत्तिवेतन महागाई भत्त्याबरोबर वाढत जाते. त्या तारखेनंतर लागलेल्यांचे दरमहा अंशदान कापले जाते, शासन त्यात आपला वाटा घालते, आणि साठलेल्या रकमेतील किमान ४० टक्के भागातून वार्षिकी घ्यावी लागते. ही वार्षिकी सर्वसाधारणपणे आहे तेवढीच राहते, महागाईबरोबर वाढत नाही. याच कारणास्तव मार्च २०२३ मध्ये राज्यभरातील कर्मचारी १४ ते २० तारखेपर्यंत संपावर गेले होते. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत निवृत्तिवेतन योजना लागू केली. तीत २५ वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के निवृत्तिवेतनाची हमी आहे. राज्य कर्मचाऱ्यांनी आपल्याला कोणता पर्याय खुला आहे व निवडीची मुदत कोणती, हे आस्थापना शाखेकडे लेखी विचारावे. तोंडी उत्तरावर विसंबू नये. अंशदानाच्या कपातीच्या पावत्याही वर्षागणिक जपून ठेवाव्यात.

एस.टी., साखर कारखाने, खासगी शाळा, रुग्णालये अशा ठिकाणी काम करणाऱ्यांची स्थिती निराळी आहे. ते १६ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आलेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे आपल्या बोलीतील 'ईपीएस-९५' मध्ये येतात. तिचे सूत्र साधे आहे : निवृत्तिवेतनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणावे व ७० ने भागावे. सप्टेंबर २०१४ पासून वेतनाची मर्यादा १५,००० रुपये धरली जाते, त्यापूर्वी ती ६,५०० होती. याचा अर्थ असा की, वाढीव निवृत्तिवेतनाचा पर्याय न घेतलेल्या माणसाला ३० वर्षांच्या अखंड सेवेनंतरही दरमहा सात हजारांच्या आतच रक्कम मिळते, आणि तीही पुढे वाढत नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये ठरलेली किमान रक्कम १,००० रुपये ही तर थट्टाच म्हणावी लागेल. तेव्हा भविष्य निर्वाह निधीची एकरकमी शिल्लक हाच या वर्गाचा खरा आधार होय.

खासगी शाळांतील शिक्षक-शिक्षिकांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ग्रॅच्युइटी हा आपलाही हक्क आहे. २००९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ३ एप्रिल १९९७ पासून शिक्षकांचा त्यात समावेश झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये ती दुरुस्ती वैध ठरविली. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन असा तिचा हिशेब असतो. संस्था कोणाचीही असो, धर्मादाय असो वा मिशनची, संकोचाने हा हक्क सोडून देण्याचे कारण नाही.

मोलमजुरी, शिलाई, हातगाडी अशा कामांवर जगणाऱ्यांसाठी दोन योजना आहेत. १८ ते ४० वयापर्यंत अटल पेन्शन योजनेत सामील झाल्यास ६० नंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपये मिळतात. आयकर भरणाऱ्यांना ऑक्टोबर २०२२ पासून तीत प्रवेश नाही. ज्यांचे वय उलटून गेले आहे, अशा निराधार वृद्धांना ६५ वर्षांनंतर राज्याच्या श्रावणबाळ योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. तिचे अनुदान २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये झाले.

किती पुरेल?

आज एखाद्या दांपत्याचा मासिक खर्च २०,००० रुपये असेल आणि महागाई वर्षाला ६ टक्क्यांनी वाढत गेली, तर बारा वर्षांनी तेच घर चालवायला ४०,००० लागतील आणि चोवीस वर्षांनी ८०,०००. ही अतिशयोक्ती नव्हे. वयाच्या साठीत पुरेसे वाटणारे उत्पन्न पंचाहत्तरीत का अपुरे पडते, याचे उत्तर या साध्या गुणाकारात आहे. म्हणून निवृत्तीच्या दिवशी हाती आलेली सगळी रक्कम मासिक व्याजावर लावून ते सगळे व्याज खाऊन टाकणे धोक्याचे. काही भाग वाढत राहिला पाहिजे.

सुरक्षित उत्पन्नासाठी टपाल कार्यालय व बँकांतील ज्येष्ठ नागरिक बचत योजना उपयुक्त आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिची मर्यादा १५ लाखांवरून ३० लाखांवर गेली व व्याजदर ८.२ टक्के ठरला. दर तिमाहीला शासन त्याचा फेरविचार करते. या दराने ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याकाठी २०,५०० रुपये पडतात. ५८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्यांनाही खाते उघडता येते, मात्र निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. ही मुदत अनेकांच्या हातून निसटते, कारण तेवढ्या काळात रक्कम कोणाच्या तरी लग्नात किंवा प्लॉटच्या इसारात गेलेली असते.

प्लॉट! नांदेड आणि लातूरमध्ये निवृत्त माणसाने रस्त्याकडेला एक प्लॉट घेतला नाही तर त्याला कोणी शहाणा म्हणत नाही. जमीन वाईट नव्हे. पण रात्री अकरा वाजता रुग्णालयाने अनामत मागितली तर प्लॉट विकता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला तेव्हा घर, धान्य आणि दागिने एकाच ढिगाऱ्याखाली गेले होते. सगळी पुंजी एका जागी ठेवणे म्हणजे काय, हे लातूरच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

अधिक व्याजाचा मोह तर त्याहून घातक. २०२३ मध्ये बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेट या पतसंस्थेतून ठेवी परत मिळेनाशा झाल्या तेव्हा मराठवाड्यातील असंख्य निवृत्तांची आयुष्यभराची कमाई अडकली. हे ध्यानी ठेवावे की बँकेतील ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्था व मल्टिस्टेट यांतील ठेवींना ते नाही. पाटीवर 'बँके'सारखे दिसणारे नाव असले, व्यवस्थापक ओळखीचा असला किंवा गल्लीतील दहा जणांनी पैसे ठेवले असले, तरी हा फरक मिटत नाही.

मुलांच्या शिक्षणाचा विषय येथे टाळता येणार नाही. 'लातूर पॅटर्न'च्या आकर्षणाने साऱ्या मराठवाड्यातून अकरावी-बारावीची मुले लातूरला येतात. शिकवणीचे शुल्क, खोलीभाडे, मेस, यासाठी आईवडील भविष्य निर्वाह निधी रिकामा करतात. शिक्षणावरील खर्च वाया गेला असे कोण म्हणेल? परंतु शैक्षणिक कर्ज मुलाने नोकरी लागल्यावर फेडायचे असते, निधीतून काढलेली रक्कम मात्र कोणी परत भरीत नाही. दोन्हींमध्ये तोल साधावा.

आजारपणाबाबत थोडक्यात. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचे संरक्षण मिळते. हे रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. रक्तदाब-मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या आपल्याच खर्चात धराव्या लागतात. साठ ते सत्तर या दशकासाठी विमा पन्नाशीतच घ्यावा, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते.

घर कोणाच्या नावे?

निवृत्तीनंतर 'आता सगळे तुमचेच' असे म्हणून मुलाच्या नावे घर करून देणारे आईवडील आपल्यात थोडे नाहीत. त्यांच्या प्रेमाला दोष देता येत नाही, पण कायदा समजून घ्यावा. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास परत मिळविता येते. ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असावी. ती नसेल तर न्यायाधिकरणापुढे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे, बाजू दुबळी पडते. त्याहून बरे म्हणजे हयातीत घर आपल्याच नावे ठेवावे आणि मृत्युपत्र करावे.

ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसल्यास पत्नीला एक तृतीयांश व उरलेले दोन तृतीयांश मुला-मुलींना समान मिळते. मुलगी विवाहित असली तरी. आणि ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते : मृताला मुले असतील तर त्याच्या वृद्ध आईला काहीही मिळत नाही. कमावता मुलगा आईच्या आधी गेला, तर ज्या घरात ती तीस वर्षे राहिली त्यात तिचा वाटा नसतो. आईला सांभाळणाऱ्या प्रत्येकाने म्हणून चाळिशीतच मृत्युपत्र करावे. त्यावर दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याने किंवा त्याच्या जोडीदाराने साक्षीदार होऊ नये. झाल्यास त्याचा वाटा रद्द होतो. बँकेतील नामनिर्देशित व्यक्ती ही केवळ रक्कम स्वीकारणारी असते, वारस नव्हे. (धर्मादाय कार्यासाठी मालमत्ता ठेवण्यावर ख्रिस्ती लोकांपुरते जे निर्बंध याच कायद्यात होते, ते सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये रद्द केले आहेत.)

मनाची तयारी

निरोप समारंभात शाल, श्रीफळ व भाषणे होतात. पुढच्या सोमवारी सकाळी साडेनऊला मात्र कुठेच जायचे नसते. काल ज्या मुख्याध्यापकांच्या सहीसाठी माणसे व्हरांड्यात थांबत, त्यांचा फोन दिवसभर वाजत नाही. ही पोकळी पुरुषांना अधिक जाणवते, कारण त्यांनी ओळख नोकरीतच गुंतविलेली असते. मग कित्येक जण तोच कारभार घरात सुरू करतात : भाजी अशी का चिरली, गॅस कधी संपला, नळ कोणी चालू ठेवला. ज्या पत्नीला तिच्या कामातून ५८ व्या वर्षी कोणीच निवृत्त केले नाही, तिच्यावर एका नव्या साहेबाची भर पडते. निवृत्तीच्या दोन वर्षे आधीपासून पती-पत्नीने दिवसाची विभागणी कशी करायची, घरातील कोणती कामे कोणी घ्यायची, यावर मोकळेपणाने बोलावे. स्वयंपाक येणारा विधुर आणि बँकेचे व्यवहार येणारी विधवा हे दोघेही इतरांपेक्षा कमी परावलंबी असतात. पासबुके, विम्याचे कागद, निवृत्तिवेतनाचा आदेश कुठे आहे हे दोघांनाही ठाऊक हवे.

मुले पुण्याला, हैदराबादला किंवा परदेशात असतात. त्यांना इतके शिकविले म्हणूनच ती दूर गेली. यशाचीच ही किंमत आहे. 'आईबाबा, इकडेच या' हा आग्रह मनापासून असतो. तरीही लातूरचे घर विकून पुण्याच्या सदनिकेत जाण्यापूर्वी तीन-चार महिने तेथे राहून पाहावे. नातवंडे शाळेत, मुलगा-सून कामावर आणि शेजारचे दार बंद, अशा नवव्या मजल्यावर दिवस कसा जातो हे अनुभवल्याशिवाय कळत नाही. येथे कोपऱ्यावरचा किराणावालाही दोन दिवस दिसला नाहीत तर चौकशी करतो.

येथेच राहायचे ठरले तर घराचा विचार वयाच्या मापाने करावा. तळमजला, न घसरणारी फरशी, कमोड व आधाराची दांडी. लातुरात पाण्याची साठवण सर्वांत आधी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या दिवसांत घागरी घेऊन जिने चढणाऱ्यांत वृद्धही होते. टँकरचा खर्च हा येथील निवृत्तांच्या अंदाजपत्रकात वेगळा रकाना असावा.

दिवसाला आकार देणारे एखादे काम हवे. पॅरिशमधील मुलांना गणित-इंग्रजी शिकविणे, अंथरुणाला खिळलेल्यांना भेटी देणे, ज्यांना अर्ज लिहिता येत नाहीत त्यांच्याबरोबर तहसीलला जाणे. निवृत्त शिक्षक व परिचारिका यांच्याइतके हे कोणाला साधेल? मात्र ठरलेला वार व ठरलेली वेळ असावी. 'वेळ मिळाला की येईन' असे म्हणणाऱ्या निवृत्ताला वेळ कधीच मिळत नाही, हा एक विनोदी पण खरा अनुभव आहे. झोप उडाली, जेवण सुटले, कोणाशी बोलावेसे वाटेना, असे आठवडेच्या आठवडे चालले तर ते वयाचे लक्षण समजू नये. ते नैराश्य असू शकते व त्यावर औषध आहे. डॉक्टरांना दाखवावे.

काही व्यावहारिक बाबी राहिल्या. निवृत्तिवेतनधारकांनी दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा. अंथरुणावरील व्यक्तींसाठी तो 'जीवन प्रमाण'द्वारे घरूनही देता येतो. जुन्या योजनेत निवृत्तिवेतनाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग अंशराशीकृत करून एकरकमी घेता येतो, परंतु तेवढी मासिक रक्कम १५ वर्षे कमी मिळते, हे आधीच पाहून घ्यावे. एस.टी.मध्ये ६५ ते ७५ वयापर्यंत अर्धे भाडे व ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास आहे. रेल्वेची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. घरात छळ होत असेल किंवा निर्वाहाच्या कायद्याविषयी विचारायचे असेल, तर १४५६७ हा ज्येष्ठ नागरिकांसाठीचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. तो मोठ्या अक्षरांत लिहून दूरध्वनीजवळ लावून ठेवावा.