एक काटा, दोन धर्म आणि एक पदार्थ : पाइक माशाचा इतिहास (थ्रेड)

१/१२
युरोपच्या नद्या-तळ्यांत पाइक नावाचा मासा आढळतो. मराठीतील 'पाईक' या शब्दाशी त्याचा संबंध नाही. भाल्यासारख्या लांब, टोकदार शस्त्रावरून इंग्रजीत त्याला हे नाव पडले. मासा चवदार, पण काट्यांनी भरलेला. ख्रिस्ती उपवास आणि ज्यूंचा शब्बाथ या दोन वेगळ्या नियमांनी त्या काट्यांवर एकच उत्तर कसे शोधले, त्याचा हा इतिहास.

२/१२
लिनियसने १७५८ मध्ये या माशाला 'एसॉक्स लुशियस' हे शास्त्रीय नाव दिले. मीटरभराहून अधिक वाढणारा हा शिकारी पाणवनस्पतींत निश्चल दबा धरून राहतो आणि भक्ष्य टप्प्यात येताच झेपावतो. त्याचे अनेक दात आतल्या बाजूस वळलेले असतात; एकदा धरलेले भक्ष्य सहसा सुटत नाही.

३/१२
त्याचा हा हावरेपणाच माणसाच्या उपयोगी पडला. गळाला जिवंत लहान मासा किंवा बेडूक लावून त्याला पकडत. वसंतात अंडी घालण्यासाठी तो उथळ, पूर आलेल्या कुरणांत शिरे. तेव्हा सापळे आणि भाले कामी येत. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्याच्या बर्फाला भोक पाडून गळ सोडला जाई. आयझॅक वॉल्टनने १६५३ च्या 'द कम्प्लीट अँग्लर' या ग्रंथात पाइक पकडण्याची रीत तर सांगितलीच, पण त्याच्या पोटात मसाला भरून भाजण्याची कृतीही दिली.

४/१२
मध्ययुगीन युरोपात या माशाला मोल आले ते चर्चच्या नियमांमुळे. लेंटचा काळ, शुक्रवार आणि इतर व्रतदिवस मिळून वर्षातील शंभराहून अधिक दिवस मांस वर्ज्य असे. मासे मात्र चालत. समुद्रापासून दूरच्या प्रदेशात खारवलेला हेरिंग आणि सुकवलेला कॉड पोहोचे. ताजा मासा हवा असेल तर नदी किंवा मठाचे, जमीनदाराचे तळे हाच आधार. चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधील सुखवस्तू फ्रँकलिनच्या तळ्यातही पाइक आहेत.

५/१२
अडचण होती ती काट्यांची. फासळ्या काढणे सोपे. पण पाइकच्या पाठीकडील मांसात इंग्रजी 'वाय' अक्षरासारख्या दुफाटी काट्यांची एक रांग असते. हे काटे कण्याला जोडलेले नसतात, मांसातच रुतलेले असतात. म्हणून कणा ओढून काढला तरी ते मागे उरतात आणि खाणाऱ्याच्या घशात अडकतात.

६/१२
यावर उपाय अनेक निघाले. बोटाने काट्यांची रांग चाचपायची, तिच्या दोन्ही बाजूंनी सुरी फिरवायची आणि मधली पट्टी उचलून टाकायची, ही एक रीत. व्हिनेगरमध्ये मुरवून बारीक काटे मऊ करायचे, ही दुसरी. तिसरी रीत सर्वाधिक कष्टाची : कातडी अखंड सोलायची, मांस काढून काटे वेचायचे, ते बारीक कुटून मसाल्यासह पुन्हा कातडीत भरायचे. सुमारे १३५० च्या 'बुख फोन गुओटर श्पीझे' या जुन्या जर्मन पाकग्रंथात अशा भरलेल्या पाइकची कृती आहे.

७/१२
हाच पदार्थ जर्मन भाषक प्रदेशातील ज्यू घरांत रुजला. ज्यू आहारनियमांनुसार पर आणि खवले असलेलाच मासा खाता येतो. पाइकला दोन्ही आहेत. यिद्दिश भाषेत 'गेफिल्टे' म्हणजे भरलेला, म्हणून पदार्थाचे नाव 'गेफिल्टे फिश'.

८/१२
मात्र ज्यू घरांत त्याचे कारण वेगळे झाले. शब्बाथला ३९ प्रकारची कामे निषिद्ध आहेत. त्यांपैकी एक 'बोरेर', म्हणजे निवडणे-वेचणे. ताटातल्या माशातून काटे बाजूला काढणेही कठोर अर्थाने त्यात मोडते. त्या दिवशी चूल पेटवणेही निषिद्ध. म्हणून स्त्रिया शुक्रवारी सूर्यास्तापूर्वीच काटे काढून, मासा शिजवून ठेवत. तो थंडच वाढला जाई.

९/१२
आहार आणि शब्बाथ यांचे हे दोन नियम कोकणातील बेने इस्रायलींनीही जपले होते. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या समाजाला 'शनवार तेली' हे नाव मिळाले. डेव्हिड रहाबी यांनी त्यांच्या स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि त्यांनी पर-खवले नसलेले मासे बाजूला काढले, त्यावरून त्यांचे ज्यूपण ओळखले गेले, अशी परंपरा सांगते.

१०/१२
पुढे पूर्व युरोपात कातडी मागे पडली. कुटलेल्या माशात पाव किंवा मात्झाचा चुरा, अंडी, कांदा घालून नुसते गोळे उकडले जाऊ लागले. महाग पाइकमध्ये स्वस्त कार्प मिसळल्याने थोड्या माशात मोठे कुटुंब जेवे. पोलंडमध्ये गोळ्यांत साखर आली, लिथुआनियात मिरी टिकली.

११/१२
फ्रान्समधील लिऑं शहराने तेच कोडे श्रीमंती थाटात सोडवले. तेथे पाइकचे मांस खलात कुटून चाळणीतून घासून काढत. काटे चाळणीवरच राहत. त्या गुळगुळीत मांसात अंडी आणि लोणी घालून केलेले हलके 'केनेल' आजही त्या शहराची ओळख आहेत.

१२/१२
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाखो ज्यू पूर्व युरोप सोडून अमेरिकेस गेले. मागे राहिलेल्यांच्या वाट्याला नाझी संहार आला. सुमारे ६० लाख युरोपीय ज्यू मारले गेले आणि पोलंड-लिथुआनियातील ती स्वयंपाकघरे विझली. त्या घरांतली पाककृती उरली ती स्थलांतरितांच्या आणि वाचलेल्यांच्या हातांत. आज गेफिल्टे फिश बाटलीबंदही मिळतो आणि काटे वेचण्यात कोणाचा शुक्रवार जात नाही. तरीही कुटलेल्या माशाच्या गोळ्याला 'भरलेला' म्हणतात. ज्या कातडीत तो एके काळी भरला जाई, तिची आठवण आता केवळ या नावात उरली आहे.