परिवीक्षेचं दार आणि जन्मठेपेचा उंबरठा

प्रोबेशन म्हटलं की आपल्याला नोकरीतले सुरुवातीचे महिने आठवतात. कायद्यातलं प्रोबेशन, म्हणजे परिवीक्षा, वेगळी. गुन्हा सिद्ध झाला, तरी माणसाला तुरुंगात न धाडता हमीवर आणि देखरेखीखाली बाहेर राहू द्यायचं. ही कल्पना न्यायाधीशांकडून आली नाही बरं का. १८४१ मध्ये बोस्टनमधल्या जॉन ऑगस्टस नावाच्या जोडे शिवणाऱ्या माणसानं एका दारुड्याला कोर्टातून जामिनावर सोडवलं, तिथून ती वाढली. आपल्या मुंबई प्रांतात १९३८ साली असा कायदा झाला आणि १९५८ मध्ये केंद्राचा आला.

या १९५८ च्या कायद्यात परिवीक्षा अधिकारी आरोपीच्या घरची परिस्थिती पाहून कोर्टाला अहवाल देतो. वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या बाईची हकीकत कोर्टाच्या कागदांत यायला याहून चांगली जागा नाही. पण कलम ४ ची अट अशी, की ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते, त्याला ही सवलत नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं शिक्षेबद्दल आरोपीचं वेगळं ऐकून घेणं बंधनकारक केलं, हे खरं. पण खुनाला किमान शिक्षाच जन्मठेप. मग ऐकून काय करणार? फाशी की जन्मठेप, एवढंच ठरवणार.

आता इंग्लंडकडे पाहू. किरणजीत अहलुवालिया या पंजाबी बाईनं दहा वर्षांच्या छळानंतर १९८९ मध्ये झोपलेल्या नवऱ्याला पेटवलं. तो नंतर दगावला. तिला खुनासाठी जन्मठेप झाली. प्रक्षोभ अचानक हवा, असं जुना कायदा म्हणायचा, आणि ही तर थांबली होती! साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेनं तिची बाजू लावून धरली. तिच्या मनोविकाराचा पुरावा पहिल्या खटल्यात नीट आलाच नव्हता. तो १९९२ च्या अपिलात आला, शिक्षा रद्द झाली आणि पुढे खुनाऐवजी सदोष मनुष्यवध मान्य झाला. शिक्षा तीन वर्षं चार महिने, म्हणजे तिनं आधीच भोगली होती तेवढीच. बाई तीच, कृत्य तेच. गुन्ह्याचं नाव बदललं, तेव्हा न्यायाधीशाचे हात मोकळे झाले.

आपल्याकडेही तसंच. २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४ च्या दुसऱ्या भागात, म्हणजे हेतू नाही पण जाणीव आहे अशा मनुष्यवधात, कमाल शिक्षा दहा वर्षं होती. तिथे परिवीक्षा देता यायची. पहिल्या भागात जन्मठेपेची तरतूद होती, म्हणून नाही.

कुणी विचारील, मग काय मारायची मुभा द्यायची? नाही. परिवीक्षेत दोष कायम राहतो, फक्त शिक्षेचं रूप बदलतं. न्यूयॉर्क राज्यानं २०१९ मध्ये कायदा केला. घरातला छळ हे गुन्ह्यामागचं मोठं कारण असेल, तर न्यायाधीशाला शिक्षा कमी करता येते. अर्थात अटी आहेत, सगळे गुन्हे त्यात बसत नाहीत.

आमचं म्हणणं एवढंच: तिच्यावर काय गुजरलं हे विचारायचंच असेल, तर शिक्षा ठरण्याआधी विचारा. दार बंद झाल्यावर आलेला अहवाल फाईलमध्येच राहतो.