उधारीचा उजेड

2012 साली केनियात एम-कोपा नावाचा छोटा सौरसंच विक्रीला आला. छपरावर लहानसे पॅनेल, घरात दोन-तीन दिवे, एक रेडिओ, मोबाइल चार्ज करायची सोय. सुरुवातीला ठरावीक रक्कम भरायची, मग वर्षभर रोज 40-50 शिलिंग मोबाइलवरून पाठवायचे. संचात सिमकार्ड असते. पैसे थांबले की दिवे बंद, आले की पुन्हा सुरू. ‘कोपा’ म्हणजे स्वाहिलीत उसने घेणे. नावातच सगळा व्यवहार आहे.

विजेच्या तारा न पोचलेल्या गावांत सौरऊर्जेला किती बाजारपेठ आहे, याचे आराखडे मांडताना या संचाचे उदाहरण हमखास दिले जाते. तो तिथवर कसा आला हे पाहिले, की त्या बाजारपेठेचा स्वभाव अधिक कळतो.

सौरघटाचा जन्मच मुळी तारांपासून दूरच्या गरजेतून झाला. उष्ण, दमट प्रदेशांत टेलिफोनच्या बॅटऱ्या लवकर खराब होत. त्यावर उपाय शोधताना अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डॅरिल चॅपिन, कॅल्विन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन यांनी 1954 मध्ये सिलिकॉनचा सौरघट तयार केला. पुढे तो उपग्रहांवर गेला. 1970च्या दशकात एलियट बर्मन यांनी एक्सॉन या तेलकंपनीच्या भांडवलावर त्याची किंमत वॅटमागे 100 डॉलरवरून 20 डॉलरवर आणली. तेव्हाही गिऱ्हाईक होते ते समुद्रातले तेलाचे फलाट, इशाऱ्याचे दिवे लावण्यासाठी.

घराच्या छपरावर तो चढला त्याची कथा केनियातल्या मेरूजवळच्या करामुगी माध्यमिक शाळेपासून सांगावी लागते. 1984 मध्ये ही शाळा डिझेलचा जनरेटर घ्यायच्या विचारात होती. हॅरल्ड बरिस हा अमेरिकी अभियंता आणि तिथे शिकवणारा मार्क हँकिन्स यांनी शाळेला सौरदिव्यांकडे वळवले. वर्गांत दिवे लागले आणि ते पाहून शिक्षकांनी स्वतःच्या घरांसाठी संच मागितले. या सगळ्या वाटचालीतली ही घटना मला सर्वांत मोलाची वाटते. गिऱ्हाईक आपण होऊन चालत आले होते, आणि दर महिन्याला पगार मिळत असल्याने त्याला किंमतही परवडत होती.

शिक्षकांपाठोपाठ माउंट केनियाच्या उतारांवरची चहा-कॉफी पिकवणारी कुटुंबे आली. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी मोटारीच्या बॅटरीवर चालणारा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. बॅटरी उतरली की ती जड पेटी बाजारगावी नेऊन चार्ज करून आणायची. बारा-चौदा वॅटचे पॅनेल छपरावर टाकले की ही फेरी वाचायची. इलेक्ट्रिकच्या दुकानांत पॅनेल सुटे मिळू लागले, गावोगावी जोडणी करणारे कारागीर तयार झाले. 1990चे दशक संपेपर्यंत लाखाहून अधिक घरांवर पॅनेल लागली होती, तीही सरकारी अनुदानावाचून.

त्या बाजारात फसवणूकही झाली. संशोधक आर्ने जेकबसन आणि सहकाऱ्यांनी पॅनेल तपासली, तेव्हा काही कंपन्यांच्या पॅनेलची वीज छापील आकड्यापेक्षा बरीच कमी निघाली. साध्या गिऱ्हाइकाला घरी बसून वॅट मोजता येत नाही. जेकबसन यांना आणखी एक गोष्ट दिसली. मुलांचा अभ्यास आणि घरचा धंदा यांच्या नावाने ज्या विजेचा पुरस्कार होत होता, तिचा मोठा वाटा टीव्ही आणि रेडिओकडे जात होता. यात खेद करण्यासारखे मला काही वाटत नाही. डोंगरातल्या माणसालाही देशात काय चालले आहे ते ऐकायचे असते.

पण पूर्ण किंमत एकदम मोजू न शकणारे यातून बाहेरच राहिले. त्यांच्या घरी कोरोबोई जळत असे: पत्र्याच्या डब्याचा, उघड्या वातीचा, रॉकेलचा दिवा, आपल्या चिमणीचा सख्खा भाऊ. रॉकेल रोज थोडे थोडे आणायचे, जेवढे खिशात असेल तेवढ्याचे. वर्षाची बेरीज केली तर त्यात सौरदिवा येईल, पण ती बेरीज एका दिवशी हातात कधीच नसते.

हे कोडे सुटायला दोन गोष्टी जुळून याव्या लागल्या. शुजी नाकामुरा यांनी 1993 मध्ये जपानमध्ये तेजस्वी निळा एलईडी साधला. त्यातून पांढरा दिवा आला आणि घर उजळायला फार थोडे वॅट पुरू लागले. दुसरी गोष्ट केनियातच घडली. 2007 मध्ये सफारीकॉम या दूरसंचार कंपनीने मोबाइलवरून पैसे पाठवायची एम-पेसा ही सेवा सुरू केली. तिची पहिली चाचणीही छोट्या कर्जांच्या परतफेडीसाठीच झाली होती. ती उभी करणाऱ्यांपैकी निक ह्यूज पुढे एम-कोपाच्या संस्थापकांत होते. रॉकेलला जाणारे रोजचे शिलिंग आता त्याच चालीने हप्त्यात जाऊ लागले. शेवटचा हप्ता भरला की कुलूप कायमचे उघडते, संच घराचा होतो. पण आजारपणात किंवा पाऊस हुकलेल्या वर्षी ज्या घराचा दिवा दुरून विझवला जातो, त्या घराची रात्र विक्रीच्या आकड्यांत दिसत नाही.

आणि आजही ती सुरुवातीची रक्कम नसलेली घरे आहेत. केनियात ऊन सर्वांत कडक पडते ते उत्तरेकडे, तुर्काना आणि मार्साबिटच्या कोरड्या मुलखात. बाजार मात्र रुजला तो ढगाळ, हिरव्या उतारांवर, कारण कॉफीचा पैसा तिथे होता. उत्तरेकडच्या पशुपालकांपर्यंत तो आपोआप पोचला नाही. 2017 मध्ये जागतिक बँकेने 15 कोटी डॉलरचा सौरऊर्जा प्रकल्प मंजूर केला, तो मागे राहिलेल्या अशा 14 काउंटींसाठी. करामुगीच्या वर्गात दिवे लागून तेव्हा 33 वर्षे झाली होती.