मेटास्केप (निसर्गातीत दृश्यचित्र)

मेटास्केप : आधुनिक भारतीय चित्रकलेतील निसर्गदृश्याचा एक प्रकार. विशिष्ट स्थळाचे यथातथ्य चित्रण न करता पर्वत, जल, आकाश, सूर्य व चंद्र या घटकांतून मनोवस्था साकार करणे, हे त्याचे प्रमुख लक्षण होय. मुंबईचे चित्रकार अकबर पदमसी (1928–2020) यांनी 1970 च्या सुमारास सुरू केलेल्या चित्रमालिकेमुळे ही संज्ञा रूढ झाली.

निसर्ग हा भावाचे वाहन मानण्याची प्रथा पूर्व आशियात प्राचीन आहे. कोरियन चित्रकार आन ग्योन याने 1447 मध्ये रंगविलेले विख्यात निसर्गदृश्य राजपुत्र आनप्योंग याच्या स्वप्नावर आधारलेले होते. अजिंठ्याच्या (जि. छत्रपती संभाजीनगर) भित्तिचित्रांतही पर्वत प्रत्यक्षानुसारी नसून ठोकळ्यांसारख्या संकेतबद्ध आकारांनी सूचित केलेले आढळतात. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली 1872 ते 1885 या काळात या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. तथापि निसर्गचित्रणाच्या शिक्षणात भर राहिला तो यथार्थदर्शनावर व छायाप्रकाशावर. अजिंठ्याची रेषा हाताला परिचित झाली. त्यामागील दृष्टी मात्र अभ्यासक्रमाबाहेरच राहिली.

याच कलाशाळेत शिकलेले पदमसी 1951 मध्ये पॅरिसला गेले. 1960 च्या सुमारास त्यांनी केवळ करड्या छटांत विशाल निसर्गदृश्ये रंगविली. मेटास्केपमध्ये मात्र तांबडा, पिवळा, निळा असे तीव्र रंग जाड थरांत येतात. सूर्य व चंद्र यांचे एकत्र येणे हे त्यांचे वैशिष्ट्य. त्यामागील प्रेरणा कालिदासाच्या अभिज्ञानशाकुंतलाच्या नांदीत आढळते. तेथे शिवाच्या अष्टमूर्तींत सूर्य व चंद्र यांचा निर्देश नावाने नव्हे, तर कालाचे नियमन करणारे दोघे असा येतो. त्यामुळे या चित्रांत दिवस व रात्र यांचा क्रम लोपतो आणि निसर्ग घड्याळाच्या वेळेतून मुक्त होतो.

पदमसींचे समकालीन सय्यद हैदर रझा (1922–2016) यांनीही निसर्गाला अंतर्मुख रूप दिले. परंतु त्यांच्या ‘माँ’ (1981) यासारख्या चित्रांमागे मायभूमीची ओढ जाणवते. मेटास्केपला असे मूळ गाव नाही, तसेच त्यात मानवाकृतीही सहसा नसते. स्थळ, ऋतू व माणूस यांचा त्याग ही या प्रकाराची मर्यादा म्हणता येईल. पण त्याचे सामर्थ्यही त्यातच आहे. स्थळाची ओळख पटविण्याचे काम उरत नसल्याने प्रेक्षकाला चित्राचा अर्थ स्वतःच्या अनुभवातच शोधावा लागतो. प्रत्यक्षाच्या अनुकरणावर उभ्या असलेल्या मुंबईच्या निसर्गचित्रणपरंपरेत हा बदल मूलगामी ठरतो.