खारे सांडपाणी : लघु अन्नप्रक्रिया उद्योगातील (बीड जिल्हा)

लोणची, मिठात टिकवलेल्या कैऱ्या यांसारख्या पदार्थांच्या छोट्या उद्योगांतून बाहेर पडणारे मीठयुक्त पाणी. त्यात सोडियम क्लोराइडबरोबर आम्ल, तेल आणि फळांचा चोथाही असतो.

मीठ जिवाणूंनी कुजत नाही. त्यामुळे साधी जैविक प्रक्रिया ते काढू शकत नाही, उलट जास्त क्षारतेने जिवाणूच मंदावतात. कैरीच्या १०० लिटर द्रावणात १५ किलो मीठ असेल, तर ते लिटरला २,१०० मिलिग्रॅमपर्यंत विरळ करायला सुमारे ७,००० लिटर पाणी लागेल. वारंवार दुष्काळ सोसणाऱ्या बीडला हा मार्ग परवडणारा नाही. शिवाय असे पाणी जमिनीवर सोडल्यास सोडियममुळे काळ्या चिकण मातीची रचना बिघडते, निचरा मंदावतो आणि जवळच्या विहिरी खाऱ्या होतात.

पहिला उपाय कारखान्यातच आहे: घट्ट द्रावण धुण्याच्या पाण्यात मिसळू न देता वेगळे साठवावे, गाळून व उकळून पुढच्या घाण्यासाठी वापरावे.

उरलेल्या पाण्यासाठी जाळी, तेलसापळा आणि चुन्याने उदासीनीकरण, नंतर प्लास्टिक अस्तराचे उथळ बाष्पीभवन कुंड. बीडमध्ये वर्षभराचे बाष्पीभवन पावसापेक्षा बरेच जास्त असल्याने हे कुंड उपयोगी पडते. मात्र पावसाळ्यासाठी वाढीव खोली किंवा छप्पर हवे. उलट परासरणाने स्वच्छ पाणी परत मिळते, पण घट्ट खारे पाणी उरतेच.

कुंडाच्या तळाचे अशुद्ध मीठ खाण्यात वापरू नये. सांडपाणी सोडण्यासाठी जलप्रदूषण कायदा, १९७४ नुसार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते.