सायकल भाड्याने मिळते, दम मात्र घरूनच न्यावा लागतो

सायकलवरील दूरच्या प्रवासाची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईहून १९२३ मध्ये निघालेल्या पारशी तरुणांपैकी तिघांनी १९२८ मध्ये जगप्रदक्षिणा पूर्ण केली. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही खडतर स्पर्धा दोघांच्या संघाने पार केली, तर पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ मध्ये सुमारे २९ हजार किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा सायकलवरून केली.

विक्रमाची आकांक्षा न बाळगता दहा-बारा दिवसांच्या रजेत आल्प्सचे घाट किंवा श्रीलंकेतील चहाचे मळे सायकलवरून पाहण्याची हौस असणाऱ्यांसाठी भाड्याची सायकल हा सोयीचा मार्ग आहे. मात्र सायकल तेथे मिळणार म्हणून तयारीही तेथेच होईल, असे मानणारे पहिल्याच चढावर फसतात. आपली मापे, कागदपत्रे आणि सराव या तीन गोष्टी घरूनच न्याव्या लागतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील (पूर्वीचा अहमदनगर) रस्ते या तयारीला उत्तम साथ देतात.

स्वतःची की भाड्याची?

स्वतःची सायकल अंगवळणी पडलेली असते, हा तिचा मोठा गुण. पण ती सुटी करून खोक्यात भरणे, विमान कंपनीचे जादा शुल्क भरणे आणि विमानतळापासून मुक्कामापर्यंत खोके वाहून नेणे हा व्याप मोठा असतो. सामान हाताळताना मागील गिअरचा नाजूक आधार वाकला, तर दौऱ्याचा पहिला दिवस दुरुस्तीत जातो. महागडी सायकल नेणाऱ्याने जातानाच भारतीय सीमाशुल्क विभागाकडून तिची नोंद असलेला दाखला घ्यावा, म्हणजे परतताना शुल्काचा प्रश्न उद्भवत नाही. मुक्काम एकाच गावी ठेवून रोज वेगवेगळ्या दिशांना फिरावयाचे असल्यास भाड्याची सायकल सरस ठरते. एका शहरातून निघून दुसऱ्या शहरात प्रवास संपणार असेल, तर सायकल तेथे परत करता येते का, हे आधी विचारावे.

ठिकाण आणि हंगाम

स्पेनचे मायोर्का बेट वसंतात, म्हणजे मार्च ते मे या काळात, युरोपभरच्या सायकलस्वारांनी गजबजते. आल्प्समधील उंच खिंडी बर्फामुळे हिवाळ्यात बंद असतात. तेथे जून ते सप्टेंबर हा काळ योग्य. कमी खर्चात आणि कमी अंतरावर जावयाचे असल्यास श्रीलंका व थायलंड हे पर्याय आहेत. या दोन्ही देशांत वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, ही पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मोठी सोय. श्रीलंकेतील नुवारा एलिया १,८६८ मीटर उंचीवर आहे आणि तेथवरचा चढ चांगलाच कस पाहतो.

सराव घरच्या घाटांत

फ्रान्समधील आल्प द्युएझ हा प्रसिद्ध घाट १३.८ किलोमीटर लांबीचा असून त्यात २१ वळणे आहेत. सरासरी चढ आठ टक्क्यांहून थोडा अधिक, म्हणजे एका दमात सुमारे १,१०० मीटरची चढाई होते. घाटमाथा १,८६० मीटरवर, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वोच्च अशा १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्याही वर आहे.

नगर जिल्ह्यातील घाट त्या मानाने लहान आहेत. पाथर्डी रस्त्यावरील करंजी घाट, छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरील इमामपूर घाट आणि पुणे-नाशिक महामार्गावरील संगमनेरजवळचा चंदनापुरी घाट एका फेरीत थोडीच उंची गाठून देतात. म्हणून एकच घाट पुन्हा पुन्हा चढणे हा उपाय. शंभर मीटर उंचीचा चढ दहा वेळा चढला, की हजार मीटरची बेरीज होते. तरीही प्रत्येक उतारावर पायांना विसावा मिळतो, आल्प्समध्ये तो मिळत नाही. त्यासाठी महिन्यातून एकदा पुण्याजवळच्या सिंहगडाचा सलग चढ करावा.

महामार्गावर जड वाहनांची वर्दळ असते. त्यामुळे घाटातील सराव उजाडल्यानंतर लगेच, मागे लाल दिवा लावून आणि एकट्याने न जाता करणे इष्ट. शांत रस्ता हवा असल्यास अकोले तालुक्यात भंडारदरा जलाशयाभोवती शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी असा फेरा आहे. चढ, उतार, वळणे आणि खराब पृष्ठभाग यांची सवय तेथे एकाच दिवसात होते. पावसाळ्यात घाटघर परिसरात पाऊस मुसळधार असतो. ओल्या उतारावर ब्रेक किती आधी दाबावा लागतो, हे शिकण्यासाठी तेथील एखादा सौम्य उतार पुरेसा आहे.

दौऱ्यात सलग पाच-सहा दिवस सायकल चालवावी लागते. म्हणून शेवटच्या दोन महिन्यांत शनिवार-रविवार असे जोडून दोन दिवस लांब फेऱ्या माराव्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसताना काय होते, यावरून तयारीचा खरा अंदाज येतो. दमाची कसोटी पाहावयाची असल्यास २०० किलोमीटरची ‘बीआरएम’ फेरी साडेतेरा तासांत पूर्ण करून पाहावी.

मापे वहीत उतरवा

सायकल आरक्षित करताना केवळ स्वतःची उंची कळवणे पुरेसे नाही. घरच्या सायकलवरील तीन मापे टेपने घ्यावीत : पेडलच्या दांड्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची, सीटच्या टोकापासून हँडलपर्यंतचे अंतर आणि सीट व हँडल यांच्या उंचीतील फरक. ही मापे दुकानाला आधी कळवली, तर फ्रेमचा योग्य आकार राखून ठेवला जातो. उंची एक-दोन सेंटिमीटरने चुकली तरी तिसऱ्या दिवशी गुडघा बोलू लागतो. आपले बूट व पेडल सोबत नेणे उत्तम. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे बसवताना ध्यानात ठेवावे.

गिअरची विचारणाही आधीच करावी. पुढील लहान चक्रीला ३४ आणि मागील सर्वांत मोठ्या चक्रीला ३४ दाते असल्यास पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होतो, म्हणजे सायकल सुमारे २.१ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारणारा या गिअरवर ताशी सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने चढतो. त्याला आल्प द्युएझसाठी एक तास पन्नास मिनिटे लागतील. मागील चक्री याहून लहान असेल, तर तोच चढ गुडघ्यांवर येतो.

कागदपत्रे आणि विमा

युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून, पण किमान १५ दिवस आधी अर्ज करावा लागतो. निर्णयाला साधारणतः १५ दिवस लागतात, काही प्रकरणांत ४५ दिवसही लागू शकतात. बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः केंद्रावर जावे लागते. नगरकरांनी मुंबई-पुण्याच्या या फेरीसाठी एक दिवस राखून ठेवावा. व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा बंधनकारक आहे. त्यात सायकलस्वारी अंतर्भूत आहे का आणि डोंगरातून सुटकेचा खर्च मिळतो का, हे अटींच्या कागदावर वाचून घ्यावे. भाड्याच्या सायकलची चोरी वा मोडतोड सर्वसाधारण प्रवास विम्यात धरलेली असेलच असे नाही. दुकानाकडून स्वतंत्र संरक्षण मिळत असल्यास ते घेणे शहाणपणाचे. डिपॉझिटची रक्कम बहुधा क्रेडिट कार्डावर अडवली जाते, तेव्हा कार्डाची मर्यादा आधीच तपासावी.

खाऊच्या पिशवीतही एक अडचण असते. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे, त्यामुळे पेढे-बर्फी घरीच ठेवून दाण्याची चिक्की बांधून घ्यावी. दिव्यांच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातील सामानातच न्यावी लागते.

ताबा घेताना आणि पहिला दिवस

सायकल ताब्यात घेताना फ्रेमवरील जुने ओरखडे दुकानदारासमोर मोबाइलवर टिपून ठेवावेत. दोन्ही ब्रेक, टायरची झीज, सर्व गिअर आणि चाकांची घट्ट बसण तपासावी. पंप, दोन ट्यूब व टायर काढण्याचे चमचे सोबत आहेत की नाहीत, तेही पाहावे.

सर्वांत धोकादायक फरक मुठीत दडलेला असतो. भारतात पुढच्या चाकाचा ब्रेक बहुधा उजव्या हाताशी असतो, युरोपच्या मुख्य भूमीवर तो बहुतेक डाव्या हाताशी. सवयीने मागचा समजून डावा ब्रेक जोरात दाबला, तर उतारावर सायकलस्वार हँडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो. ब्रेक बदलून मिळतील का, हे आरक्षणाच्या वेळीच विचारावे; अन्यथा पहिला अर्धा दिवस सपाट, निर्जन रस्त्यावर हात बसवण्यात घालवावा.

त्यातच तेथे वाहने उजवीकडून चालतात. चौक ओलांडताना नजर आधी डावीकडे वळली पाहिजे. सकाळी रिकाम्या रस्त्यावर निघताना जुनी सवय हमखास उसळी घेते. स्पेनमध्ये गावाबाहेर हेल्मेट सक्तीचे आहे. फ्रान्समध्ये रात्री गावाबाहेर चमकणारे जाकीट घालावे लागते. दोन्ही देशांत गावाबाहेर सायकलला ओलांडताना मोटारचालकाने दीड मीटर अंतर सोडणे बंधनकारक आहे.

एवढी तयारी झाली, की उरतो तो केवळ रस्ता. दुकानदार ताब्यात देतो ती सायकल अनोळखी असते, तिच्यावर बसणारे पाय मात्र करंजी आणि चंदनापुरीच्या चढांची ओळख घेऊन आलेले असले पाहिजेत.