हवस आणि हौस

जुम्म्याच्या उर्दू बयानात ‘हवस’ हा शब्द आला की माणसे मान खाली घालतात. हवस म्हणजे लोभ, वासना. त्यापासून लांब राहायचे. आणि त्याच माणसांच्या घरी लग्न निघाले की मेंदी, हळद, नवे कपडे सगळे ‘हौसेने’ होते. एकुलत्या लेकीची हौस पुरवली नाही तर चार बायका नावे ठेवतात.

हे दोन्ही मुळात एकच. अरबीत ‘हवस’ म्हणजे डोक्यात शिरलेले खूळ, वेड. उर्दूत त्याला वाईट वास लागला, मराठीत मात्र तो निवळला. एकाच घरात, एकाच दिवशी, एक शब्द दोन तोंडांनी बोलतो आणि कोणाला त्यात विसंगती वाटत नाही. मला तर ही मराठीची मोठी कमाई वाटते.

‘मौज’चेही तसेच. मौज म्हणजे अरबीत लाट. पूर्णगडच्या किल्ल्याचा समुद्राकडचा दरवाजा ओलांडला की पुढे मुचकुंदीच्या मुखाशी दिवसभर ती फुटत असते, पण तिला तिथे कोणी मौज म्हणणार नाही, ती लाटच. मनात उठते ती मौज. गंमत अशी की इकडून संस्कृतातला ‘लहरी’ शब्दही त्याच वाटेने आला. शहाजहानच्या दरबारात मान मिळवलेल्या जगन्नाथ पंडितांच्या ‘गंगालहरी’त लहरी म्हणजे पाण्याच्या लाटा, आज आपण ‘लहरी माणूस’ म्हणतो तेव्हा पाण्याचा संबंध उरत नाही. दोन भाषांनी लाटेकडे बघितले आणि दोघींना माणसाचे मन आठवले.

वापरात मात्र फरक आहे, आणि तो क्रियापदांत दिसतो. लहर येते, हुक्की येते, म्हणजे माणसाचा इलाज नसतो. हौस भागवतात, पुरवतात. त्याला पैसा आणि माया लागते. मौज करतात. मर्जी मात्र सांभाळावी लागते, कारण ती वरच्याची असते. गरिबाची लहर फिरली तर लोक हसतात, साहेबाची मर्जी खप्पा झाली तर नोकरी जाते. ‘मर्जी’, ‘राजी’ आणि सुट्टीची ‘रजा’ एकाच अरबी धातूतून निघाली आहेत, हे रजेचा अर्ज लिहिताना नीट कळते.

हे शब्द टिकले कसे? शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला. कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य. तरी पुढे राज्य चालवले ते पेशव्यांनीच, त्याच नावाने. विसाव्या शतकात सावरकर 1924 ते 1937 रत्नागिरीत स्थानबद्ध होते, तिथून त्यांनी भाषाशुद्धीचा पुरस्कार केला. ‘दिनांक’, ‘महापौर’ असे त्यांचे शब्द रुजले, आपणही ते वापरतो. 1925 साली ‘फार्शी-मराठी कोश’ काढणारे माधव जूलियनसुद्धा नंतर त्याच पक्षाला मिळाले.

पण तारीख बदलता येते, कचेरीतून हुकूम निघतो. हौस कचेरीत राहतच नाही. ती माजघरात, मुलांच्या हट्टात, ईदच्या शीरखुर्म्यात आणि गणपतीच्या आराशीत राहते. उलट कचेरीच तिच्याकडे आली: सरकारच्या राज्य नाट्य स्पर्धेच्या नावात ‘हौशी’ शब्द आहे. आणि जत्रेला जाणाऱ्यांची मराठीने जी यादी केली आहे, हौशे, नवशे, गवशे, तिच्यात पहिला मान अरबीतून आलेल्याला आहे.